चुन्याचा समुद्र

समुद्र मी पाह्यला तो ढाणकीतच. हसू नका. घनश्यामशेठच्या कापसाच्या जिनच्या अंगणात पाह्यला, चुन्याच्या फक्कीनं आखलेला. त्याच समुद्रात आमच्या वस्तीची विहीर बुडाली. आजबी कोणी "शेअर" म्हणलं का माह्या तळपायाची आग मस्तकात जाते.

विहीर खणाची बाकी होती, पैसे तेवढे जमले होते. आमी धम्म घेतला, घरातले देव पैनगंगेत सोडले, मेलेलं ढोर वढाले नाई म्हणलं. झालं! आधी गावविहिरीवर कोण्या बाईले दया आली तर ती वरून आमच्या घागरीत पाणी वते. तेबी बंद झालं. "नवा धरम पाह्यजे न तुमाले, मंग पाणीबी नवंच पाहा," म्हणे. तवापासून आमी नाल्यातल्या झिऱ्यावर. वाळू उकरा, खड्ड्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरा. त्याच गढूळ पाण्यानं माही लहानी पोरगी गेली, हगवण लागून. तिले मातीत ठेवून आल्यावर मीच वस्तीतल्या बायायले गोळा केलं अन् म्हणलं, बस झालं, आता आपली सोताची विहीर पाह्यजे.

खणाले हात आमचेच होते, पण खाली काळा पाषाण. सुरुंगाले पैसा लागते, बांधकामाले लागते. आमी बाया घनश्यामशेठच्या जिनमधी कापूस निवडाले जावो. दर बाजाराच्या दिवशी मजुरीतून थोडं थोडं काढून बाबारावभाऊजीजवळ देवो. बाबाराव म्हणजे माह्या नवऱ्याचे चुलतभाऊ. सातवी शिकलेले, त्याच जिनमधी रुईच्या गठाणी मोजत, अन् रोज पेपर वाचत. म्हणून विहिरीसाठी केलेल्या आमच्या मंडळाचं खजिनदार त्यायलेच केलं. सुरुंगवाला ठरला, उन्हाळा लागला का ये म्हणलं त्याले.

अन् तेवढ्यात हे तेलाचं खूळ आलं.

एकसष्ट सालची गोष्ट. गुजरातेत जमिनीतून तेल निघालं होतं, ते सरकारनं काढलं. त्याच्या मागं भामटे उठले. समुद्राच्या पोटातबी तेल हाय म्हणे, आमी जहाजावरून भोक पाडतो, तुमी शेअर घ्या. अशा लहानलहान कंपन्या, नावं मात्र हत्तीएवढी. त्यातल्या 'दर्यादौलत' कंपनीचे कागद इकाचं काम घनश्यामशेठनं घेतलं. कापसाच्या सट्ट्यात मुरलेला माणूस तो. त्याच्या ओट्यावर रोज सांजच्याले भाव पुसाले गर्दी होये. मास्तर काय, दुकानदार काय, पाटील काय! दहाचा कागद बारा झाला, बाराचा चौदा झाला. समुद्र कोणी पाह्यला नाई, तेल कोणी पाह्यलं नाई. पाण्यात म्हैस अन् वर मोल चालू होतं बाप्पा.

एक दिवस भाऊजी घरी आले. डोळे नुसते चमकून राह्यले होते.

"वैनी, विहिरीचे पैसे शेठजवळ देतो म्हणतो."

"काहून? शेठ विहीर खणून देते का?"

"शेअर घेऊ. चार महिन्यात दुप्पट होते. विहीरबी होईन, वर इंजिनबी बसन."

"भाऊजी, आयजीच्या जिवावर बायजी उदार होऊ नका. बायायच्या घामाचे पैसे हाय ते."

ते जवळ सरकले. मंग हळूच म्हणे, "शेठनं आज मले ओट्यावर बसवलं. म्हणे, शेअर जात पाहत नाई बाबाराव, कागद घेतला का तुमी अन् मी भागीदार, एका पंगतीतले. वैनी, जन्मात पयल्यांदा कोणी मले भागीदार म्हणलं."

माहा राग इथीच हाय. पैशानं नाई भुलला हा माणूस. एका शब्दानं भुलला. अन् आमाले कोणत्या शब्दाची भूक हाय, हे त्या घनश्यामशेठले बराबर ठाऊक होतं.

बायायनं साफ नाई म्हणलं. गावातलेबी काही जण कचरत होते. मंग शेठनं फुलसावंगीच्या तांड्यावरून धावजीले आणलं. धावजी म्हणजे पाणी पाहणारा बुढा. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चाले, अन् जिथी नारळ उभा राह्यला तिथी खणा म्हणे. ढाणकीतल्या अर्ध्या विहिरी त्याच्याच नारळानं लागलेल्या. शेठनं कंपनीच्या पुस्तकातला नकाशा पाहून पाहून अंगणात समुद्र आखून घेतला. इकडे गुजरात, तिकडे मुंबई, मधात पाणी. पाणी कुठचं, धूळ! सारं गाव जमलं. धावजी धोतर वर खोचून त्या समुद्रात उतरला. शिकलेसवरले मास्तरबी श्वास रोखून उभे. चालता चालता एका जागी नारळ उभा राह्यला.

"लागलं! तेल लागलं!" शेठ वरडला. त्यानं तिथी एक वीट ठेवली अन् साऱ्या गावासमोर म्हणे, "इथीच कंपनीचं भोक पडन. ही जागा शेअरवाल्यायची!"

मी भाऊजीले दंडाले धरलं. "अहो, नारळ फोडणं सोडलं न आपण? मंग आता नारळाच्या भरवशावर समुद्रात उडी घेता का?" पण ते कुठचे ऐकतात! दुसऱ्याच दिवशी आमची विहीर शेठच्या तिजोरीत गेली अन् आमच्या हाती कागदाची थप्पी आली. कागदावर जहाज छापलं होतं.

भाव चढला, हे खोटं नाई सांगत मी. अठरा झाला. तिकडे सुरुंगवाला निरोपावर निरोप पाठवून राह्यला होता. मी भाऊजीच्या दारात जाऊन भांडली. "इका न आता! अठरा काय थोडे झाले?"

"तुमाले यातलं कळत नाई वैनी. शेठ म्हणते पंचवीस होते. आता जो इकन तो येडा."

असं म्हणून त्यायनं सुरुंगवाल्याले सांगून टाकलं, का यंदा नको, पुढच्या साली ये. पुढच्या साली! मले वाटे, त्या ओट्यावरून या माणसाले कानाले धरून वढत आणावं.

होळी झाली अन् भाव सांगणारंच कोणी राह्यलं नाई. मुंबईत कंपनीच्या दाराले कुलूप लागलं म्हणे. शेठ कपाळाले हात लावून बसला. "समुद्रात बुडाले. तुमचेबी बुडाले, माहेबी बुडाले. नशीब आपलं!" लोक म्हणतात, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आमच्या हाती तर धुपाटणंबी नाई, जहाजाचं चित्र! भाऊजीनं तोंड दाखवणं सोडलं. झिरा आटत आला. वस्तीतल्या बाया रिकामी घागर घेऊन माह्या तोंडाकडे पाहत, अन् मी कोणाकडे पाहू?

अशात बाजारात धावजी दिसला. मी त्याच्या अंगावरच गेली. "काहो बुढेबावा, काय पाह्यलं तुमी? कुठी हाय ते तेल?"

बुढ्यानं हात जोडले. "याडी," म्हणे, त्यायच्यात मायले याडी म्हणतात, "मले तेलातलं काय समजते? माहा नारळ पाण्यावरच उभा राहते. जिनच्या विहिरीचा झरा त्या विटेखालून जाते. मी शेठले तवाच सांगतलं. ते म्हणे, मुकाट्यानं राह्य."

माहं डोकंच भणाणलं. रात्रभर मी आडवी झाली नाई, बसूनच राह्यली.

सकाळी भाऊजीच्या घरात घुसली. "कागद काढा."

"कायले वैनी? त्याची आता किंमत..."

"काढा म्हणते न!"

कागद ओटीत घेतले, बादली घेतली, दोर घेतला, अन् निघाली. वस्तीतल्या बाया मागं. जिनचा हंगाम अजून संपला नव्हता, सरकी काढणारे रेचे धडधडून राह्यले होते. अंगणातला चुना कवाच उडून गेला होता, पण वीट तशीच पडली होती. विहीर तिथून पुढंच. मी सरळ जाऊन विहिरीच्या काठावर उभी राह्यली.

शेठ धावत आला. "ए तुळसे! दूर हो तिथून! विहीर बाटवते का?"

"बाटवाले कायले येऊ? मी भागीदार हाय." मी कागद त्याच्या नाकासमोर धरले. "ही वीट तुमीच ठेवली न? तुमीच म्हणलं न, ही जागा शेअरवाल्यायची? नारळ उभा राह्यला तो या विहिरीच्या झऱ्यावर, धावजीनं सांगतलं मले. तेल तुमाले राहू द्या शेठ. सारा समुद्र तुमाले राहू द्या. आमाले आमच्या हिश्शाचं पाणी द्या."

"पोलीस बोलावीन!"

"बोलवा न. जमादाराले हे कागदबी दाखवते."

त्याचं तोंड पडलं. मागं रेचे थांबले होते. रेच्यावरचे गावातले मजूर कुजबुजत होते का हिची बादली पडली तर आमी या पाण्याले शिवणार नाई, काम बंद. ते शेठनंबी ऐकलं. मी बादली काठावर ठेवली तसा तो आत पळाला अन् नोटा घेऊन आला.

"घे बाई. तुमचे सगळे पैसे घे. पण बादली नको सोडू."

सगळे पैसे! कालपर्यंत समुद्रात बुडालेले!

"शेठ, हे बुडाले होते न? ओले तर लागत नाई."

तो नोटा काठावर ठेवून मागं सरला. आमाले फसवलं याची लाज वाटून नाई काढले त्यानं ते पैसे. आमची बादली पाण्याले लागू नये म्हणून काढले. माही पोरगी पाणी पाणी करत गेली न, तवाबी या विहिरीत पाणी होतं. काठापर्यंत होतं.

मी नोटा पदराले बांधल्या, गाठ मारली.

"झालं न मनासारखं?" शेठ म्हणे. "आता जाय."

"जाते न. पयले पाणी पेते."

अन् मी बादली सोडली.

भरली तशी लय जड झाली. दोर हाताले कापाले लागला. मागं वळून पाह्यलं तर फाटकात बाबारावभाऊजी उभे, मान खाली घालून. आमच्या मागंमागं आले होते.

"तिथी काय उभे राह्यले?" मी वरडली. "या इकडे, दोर धरा. तुमीबी भागीदारच हाय न!"