बटण सोड

माझा मेहुणा तीनदा चॅम्पियन झाला आणि तिन्ही वेळा एकटाच झाला. शर्यत जिंकली की 'मी जिंकलो', हरली की 'गाडीने दगा दिला'. ती गाडी मी बांधायचो. म्हणजे वीस वर्षं दगा मी देत होतो आणि वर त्याच्या सत्कारांना टाळ्याही वाजवत होतो. बायकोचा धाकटा भाऊ, बोलणार कुणाला?

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा चॅम्पने शर्यती सोडल्या आणि स्वतःची टीम काढली. ऑफिसात अकरा फोटो लावले, सगळे स्वतःचे, आणि कमी पडले म्हणून एक आरसा. ड्रायव्हर म्हणून माझ्या मुलीला घेतलं. 'भाचीला संधी दिली' असं जगभर सांगत सुटला. पोरगी गाडी फार छान चालवते, एवढंच सांगायचं राहून गेलं.

ट्रॅकलगतच्या आमच्या टेबलावर रेडिओचं एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ड्रायव्हरचं ऐकायचं. दाबूनच ठेवलं तर तिकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. म्हणून मी शेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवलं होतं, 'बोलून झालं की सोड'. चॅम्पने तिच्यावर कॉफीचा कप ठेवला.

त्या दुपारी पाच फेऱ्या उरल्या होत्या आणि पोरगी दुसरी होती. चॅम्पने बटण दाबलं आणि स्वतःचं दुसरं विजेतेपद सांगायला घेतलं. या वळणावर तो ब्रेक किती उशिरा दाबायचा, लोक कसे तोंडात बोटं घालायचे, वगैरे.

"बटण सोड," मी म्हणालो.

"भाऊजी, तुम्ही तुमचे नट आवळा."

अख्खी फेरी बटणावरचं बोट न काढता त्याच्या तोंडाची गाडी सुसाट होती. पोरीची मात्र त्याच वळणावर वळली नाही, सरळ भिंतीवर गेली.

मनगट मोडलं, जीव वाचला. तासाभरात चॅम्प चेहरा पाडून पत्रकारांपुढे बसला. "ब्रेक जात होता तर तिने कळवायला नको? एक शब्द बोलली नाही. नाइलाज आहे, पुढच्या शर्यतीपासून ड्रायव्हर बदलतोय. विचारा हवं तर, तिचे वडीलच आहेत इथे. सांगा, भाऊजी."

आजवर अशा वेळी मी मान डोलावली आहे. त्याची मला लाज वाटते.

ड्रायव्हरचं बोलणं गाडीतल्या एका डबीत टेप होतं. चॅम्पला ते ठाऊक नव्हतं. सीटखाली काय असतं ते बघायला तो जन्मात वाकला नाही. मी ती डबी मोडक्या गाडीतून काढून आणली होती. टेबलावर ठेवली आणि लावली.

"मामा, ब्रेक मऊ लागतोय." इंजिनाची घरघर. "मामा, आत येऊ का?" पुन्हा घरघर. "मामा, बटण सोडा ना." आणि मग, "बाबा, तुम्ही तरी ऐकताय का?"

चॅम्पने घसा खाकरला. "आवाज नीट येत नाहीये," तो म्हणाला.

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.