सातशेचं डोस्कं, नऊशेची पाटी

या, बसा मित्रांनो. जरा सरकून बसा. एका लग्नाची गोष्ट सांगतो. त्यात वाजंत्री न्हाई, जेवणावळ न्हाई, पण घोळ लई हाय. आन तो मीच घातलाय.

मी एक जुना प्रोसेसर हाय. कॉम्प्युटरचं डोस्कं म्हणा. तळहातावर मावंल एवढी चौकोनी चकती. दूरदेशी जन्मलो आन दोन हजार साली नेकनूरच्या स्टँडासमोर, मल्लिनाथ आप्पाच्या पत्र्याच्या दुकानात येऊन पडलो. आप्पा जन्मवेळ टाकायचे, मी पत्रिका काढायचो, पोरापोरीचे गुण जुळवायचो. माझ्या पाठीवर सातशे छापलेलं, तो माझा वेग. लोक म्हणायचे, माणूस चुकंल, हे न्हाई चुकायचं. मला लई बरं वाटायचं.

मग समोरच्या दुकानातल्या बद्रीनाथनं नऊशेचं मशीन आणलं आन तशी पाटीच ठोकली. झालं! लोकांना वाटलं, नऊशेची पत्रिका जास्त खरी. आप्पा दिवसभर माश्या मारत बसायचे.

एक दिवस पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणारा त्रिंबक आला. त्यानं औरंगाबादेत काहीतरी ऐकलं होतं.

“आप्पा, पेन्सिल द्या.”

“कावून?”

“ह्याच्या पाठीवर सोन्याचे बारके ठिपके हायेत. जास्त पळू न्हाई म्हणून कंपनीनं मधी तोडून ठेवलेत. शिसानं जोडले की गडी मोकळा सुटतो.”

“मरंल की बे!”

“मोटारी मरतात का माझ्या?”

“चार मेल्या की मागल्या साली!”

तरी आप्पांनी पेन्सिल दिली. त्रिंबकनं जीभ दातात धरून चार बारक्या रेघा ओढल्या. पडद्यावर आलं, नऊशे! आप्पांनी पेढे वाटले, पाटी लावली. मी मात्र गोंधळलो. पाठीवर सातशे, पडद्यावर नऊशे. मी नेमका कोणता? विचारावं कुणाला?

वैशाख आला. पत्रा तापला, आत मी तापलो. अशातच एका दुपारी गहिनीनाथ नावाचे शेतकरी लेकीला, शिवकन्येला घेऊन आले. पोरगा कडा गावचा, साखर कारखान्यात फिटर. दोघांनी एकमेकाला बघितलेलं, पसंत केलेलं. पण गुण जुळले तरच सुपारी फोडायची, असा गहिनीनाथांचा हट्ट.

आप्पांनी वेळा टाकल्या. कागद निघाला. छत्तीसातले अकरा.

“मोडलं म्हणायचं,” गहिनीनाथ उठलेच.

शिवकन्या जागची हलली न्हाई. “काका, पुन्यांदा काढा की.”

पुन्हा काढला. सत्तावीस!

“आरं, हे काय चाललंय?” गहिनीनाथ मटकन खाली बसले. “आप्पा, अजून एकदा.”

तिसऱ्यांदा आले एकेचाळीस.

“छत्तीसातले एकेचाळीस? वरचे पाच कुणी घातले, तुमी?”

आप्पा लगबगीनं दारात गेले. त्यांनी त्रिंबकला हाक मारली. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, मला बोट लावलं आन चटका बसताच ते फुंकर मारत झटकलं. “तापलंय आप्पा. बडबडतंय हे.”

खरं सांगतो मित्रांनो, मला काहीच कळत नव्हतं. मला तिन्ही उत्तरं बरोबरच वाटत होती.

“रेघा पुसतो,” त्रिंबक म्हणाला. “निवलं की एकदाच काढू. जे येईल ते खरं.”

“राहू द्या,” शिवकन्या म्हणाली. तिनं सत्तावीसचा कागद उचलला, नीट घडी घातली आन बापाच्या खिशात कोंबला. “दादा, मशीनला तीन डाव दिले. मला एक द्या.”

गहिनीनाथांनी खिसा चाचपला, कागद अजून आत सारला. मग म्हणाले, “चल, एसटी चुकंल.”

लगीन झालं. त्रिंबकनं रेघा खोडून काढल्या, मी पुन्हा सातशेचा झालो. डोस्कं शांत झालं. पण त्या दोघांच्या वेळा आप्पांनी परत कधी टाकल्या न्हाईत. खरोखर अकराच निघाले तर, असं त्यांना भ्याव वाटत असंल. पुढं नवं मशीन आलं, मी स्क्रूच्या डब्यात जाऊन पडलो. ते सोसलं. ज्याला जेवढं झेपतं तेवढंच त्याला पळवा, एवढं मात्र ध्यानात ठिवा.

आन एक काम करा. कड्याकडं गेलात तर शिवकन्येला गाठा. गुण-बिण काढू नका. नुसतं विचारा, “बाई, बरं चाललंय ना?” ती जे सांगंल ते मला येऊन सांगा.