बनाबाईचं ‘मी’

शिरोळच्या किराणा दुकानदाराची मुलगी पवित्रा टीव्हीवर दिसायला लागली त्याला नऊ वर्षं झाली होती. २००५ च्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा आई शांतव्वा धान्य वाचवायला धावली आणि ही प्रबंधाची टिपणं खताच्या पोत्यात भरून माळ्यावर चढली. पुढं इतिहासाची डॉक्टरेट मिळाली, पण कॉलेजात कायमची जागा मिळाली नाही. तासिकांवर शिकवून कंटाळल्यावर तिनं कोल्हापुरातल्या शिवप्रसादच्या लहानशा वाहिनीवर इतिहासाचा कार्यक्रम सुरू केला. संशोधन तिचं, निवेदन तिचं, निर्मितीही तिचीच. मंडईत भाजीवाल्या तिला ओळखायच्या आणि ते तिला मनापासून आवडायचं.

मग बनाबाई आली.

शाहूवाडीच्या डोंगरात भातशेती करणारी अडुसष्ट वर्षांची बाई. १९७३ सालच्या दुष्काळात गावातलं भात भरून निघालेला ट्रक बायकांनी अडवला होता. त्यावरच्या भागात पवित्रानं तिला दोन मिनिटांपुरतं घेतलं, तर ती अकरा मिनिटं थांबलीच नाही.

“मी चाकाम्होरं आडवी झालो. डायवर म्हणला, ऊठ गं, चिरडून मरशील. म्हटलं, मर्तो, पर भात न्हाय जायाचं!” मग तुरुंगातले बारा दिवस तिनं असे सांगितले, की कॅमेरा धरलेला ऋतुराज, पवित्राचा जुना सहकारी, कॅमेरा थांबवायलाच विसरला.

आठवडाभर वाहिनीचा फोन वाजत राहिला. सगळे विचारायचे ते बनाबाईला.

“मॅडम, त्या आजीला दर भागात घ्या की,” शिवप्रसाद म्हणाला. “लोकं खुळी झाल्यात.”

पवित्रा हो म्हणाली. मनात मात्र म्हणाली, नऊ वर्षं धुळीत बसून आपण दप्तरं वाचली आणि ही बाई ओट्यावर बसून बोलते काय, लोक डोक्यावर घेतात काय! पुढच्या भागांत ती बनाबाईला कापू लागली. आधी तिचं हसणं गेलं, मग एक अख्खी हकिकत.

“हे कशाला काढायचं?” संकलनाला बसलेल्या ऋतुराजनं विचारलं.

“याला कागदाचा पुरावा नाही.”

मंडईतली भाजीवाली म्हणाली, “बाई, ती आजी का दिसंना झाल्या?” पवित्रा भाजी न घेताच परतली.

महिन्याभरानं एका ग्रंथालयात जुन्या साप्ताहिकाची फाइल चाळताना तिला ती बातमी सापडली. ट्रक अडवल्याबद्दल अटक झालेल्या सात बायकांची नावं छापली होती. त्यात एक बायडाबाई होती, बनाबाई नव्हती. पवित्रानं यादी तीनदा वाचली. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती ऋतुराजला घेऊन शाहूवाडीला गेली. अंगणात भात वाळत होतं. बनाबाईनं घोंगडं टाकलं, चहा ठेवायला निघाली. “चहा राहू दे, आधी बसा,” म्हणत पवित्रानं कॅमेरा सुरू करायला लावला आणि बातमीची प्रत तिच्या हातात दिली.

“यात तुमचं नाव नाही.”

“मला कुठं वाचाया येतंय? वाचून दावा.”

पवित्रानं एकेक नाव सावकाश वाचलं. बायडाबाईचं नाव आलं तसं बनाबाईनं तिला थांबवलं.

“ती माझी थोरली भन. ट्रकाम्होरं ती पडली. मी घरात कणगीमागं लपून बसलोतो.”

“मग ‘मी’ का म्हणालात?”

“जेलातनं आली तर दाल्ल्यानं घरात घेतलं न्हाय. म्हायेरी आमच्यात ऱ्हायली, दोन वर्सांत गेली. रोज सांगायची, आनि समदं गाव तिच्या भवतीनं. माझा नुसता जळफळाट. तुमचा कॅमेरा आला, तोंडातनं ‘मी’ निघालं. पाप केलं, पर लई बरं वाटलं, बाई.”

‘लोकांना फसवलंत ना?’ हा पुढचा प्रश्न पवित्रा पाठ करून आली होती. तो तिला विचारता आला नाही. आपण जे कुणाजवळ बोललो नसतो, ते ही बाई सहज बोलून गेली, याचाही तिला हेवा वाटला.

कोल्हापुरात येऊन तिनं फक्त कणगीमागं लपल्याचं वाक्य ठेवून भाग जुळवला. पडद्यावर बनाबाई चक्क लबाड दिसत होती. पवित्रानं तो दोनदा पाहिला आणि ऋतुराजला सगळं परत जोडायला सांगितलं. नावं वाचतानाचा स्वतःचा खुनशी आवाजही तिनं राहू दिला. मग बनाबाईला फोन केला. “दाखवू का?”

“दावा. पर बायडीचं नाव नीट लिवा.”

भाग लागला. कुणी बनाबाईला खोटारडी म्हटलं, पण बहुतेकांनी पवित्रालाच झापलं, म्हातारीला असं का विचारलं म्हणून. यादी शोधून काढल्याबद्दल एकानंही तिचं नाव काढलं नाही.

शिवप्रसादनं पुढच्या मालिकेचा फलक चौकात लावला. त्यावर दोघींचे फोटो होते, बनाबाईचा मोठा. सिग्नलला थांबलेली पवित्रा दिवा हिरवा होईपर्यंत तो फलक बघत राहिली. मागचा रिक्षावाला ओरडल्यावर तिनं गाडी काढली आणि बनाबाईला आणायला एसटी स्टँडकडं वळवली.