मुक्ताबाईच्या हौदातलं पीट

कचरूच्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून रोपांसाठीची नारळाच्या भुशाची पोती उतरत होती आणि मुक्ताबाई शेडनेटच्या सावलीत उभी राहून बघत होती. खुलताबादच्या वाटेवर तिची लहानशी नर्सरी. उन्हाळ्यात मिरचीची रोपं टाकायची, मृगाच्या तोंडाशी शेतकरी ट्रे भरून घेऊन जायचे. नवरा होता तोवर दोघं मिळून करायची. आता ती एकटीच. लेक सुलेखा लाटव्हिया नावाच्या दूरच्या देशात, तिथल्या दलदलीचा अभ्यास करायला गेलेली. जूनमध्ये तिचं काम संपणार होतं. मुक्ताबाईचा सगळा जीव त्या जूनवर टांगलेला होता.

"मावशी, तुमचं कोकोपीट उतरलं. ते हिरवं पोतं राहू द्या, ते सर्जेरावच्या पॉलिहाऊसचं. बाहेरच्या देशातला माल हाय."

"कोणत्या देशातला?"

कचरूनं पोत्यावरची इंग्रजी अक्षरं बोटानं जुळवली. "लाट... लाटव्हिया."

मुक्ताबाईनं पोत्यावर हात ठेवला तो काढलाच नाही. "हे मला दे. सर्जेरावाला दुसरं आण."

"अवो, मातीच हाय ती! तुमच्याकडं मातीचा दुष्काळ पडला का?"

"माझ्या लेकीच्या मुलखातली हाय."

कचरूनं डोकं खाजवलं आणि पोतं गुमान उतरवून दिलं.

तिनं पोतं उसवलं. आत तपकिरी, हलकी, वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी भुसभुशीत माती. तिच्यात शेवाळाचे बारीक धागे. मुक्ताबाईनं मूठभर हातात घेऊन वास घेतला. लेक रोज याच मातीवरून चालत असेल, असं तिच्या मनात आलं.

रविवारी सुलेखाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिनं ओंजळच फोनपुढं धरली. "बघ, तुझ्या गावची माती आणली मी!"

तिला वाटलं, पोरगी हसेल. सुलेखाचा चेहरा उतरला. "माय, हे पीट हाय. हे जमिनीतून निघू नये म्हणून तर मी इथं राबते गं."

मग लहान पोराला समजवावं तसं तिनं आईला समजावलं. आपल्या उकिरड्यावरचा पाला बघता बघता कुजतो, कारण त्याला हवा मिळते. कुजताना त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो. इथल्या दलदलीत मात्र मेलेलं शेवाळ गार पाण्यात बुडून राहतं. हवा नाही, म्हणून ते पुरतं कुजत नाही. थरावर थर साचतात. एका माणसाच्या जन्मात जेमतेम चार बोटं. जगभरच्या अशा दलदलींत हजारो वर्षांत इतका कार्बन साठलाय, की जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांतही तेवढा नाही. पण माणसानं चर खणून दलदलीतलं पाणी काढून दिलं, माती उकरून विकली. त्यात आता उन्हाळे तापायला लागलेत. पाण्याची पातळी खाली जाते, हवा आत शिरते आणि साठलेलं सगळं कुजायला लागतं. त्या वायूनं हवा आणखी तापते, अन् दलदल आणखी सुकते.

"म्हंजे तिथंबी पाणी खाली चाललंय म्हण की," मुक्ताबाई म्हणाली.

"व्हय माय. तसंच."

फोन ठेवल्यावर मुक्ताबाईला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिनं गुरांचा जुना हौद झाडला, पोतं त्यात रिकामं केलं आणि पाणी सोडलं. वाळलेलं पीट पाणीच पिईना, वर तरंगत राहिलं. कोपरापर्यंत हात बुडवून तिनं ते दाबून दाबून भिजवलं. पुढं रोज तेच. उन्हानं पाणी आटायचं, ती घागरीनं भर घालायची. बोअर थोडा वेळ पाणी द्यायचा अन् मग नुसती हवा ओकायचा. मिरचीच्या वाट्याचं पाणी हौदात जाऊ लागलं.

"मावशी, मिरची माना टाकायली, अन् तुम्ही चिखलाला पाणी पाजायल्या?" कचरू म्हणाला.

"तू तुझं बघ."

संध्याकाळी ती हौदाच्या काठावर बसायची. दिवसभरात बोलायला कुणी नसायचं. मग आज ऊन कसं होतं, भाजी काय केली, ते ती हौदालाच सांगायची.

मे महिन्यात हौदातून बुडबुडे येऊ लागले. माती जिवंत झाली, असं तिला वाटलं. रविवारी तिनं मोठ्या कौतुकानं ते लेकीला दाखवले.

सुलेखा हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरले. "काय केलं गं माय तू हे!"

"ओली ठेवली. तूच म्हणलीस ना?"

"अगं, इथलं पाणी गार असतंय. तुझ्या हौदातलं आधणासारखं तापलं असंल. ओल्यात ऊब मिळाली की हवेबिगर जगणारे जंतू जोर धरतात, मिथेन सोडतात. गोबरगॅसमध्ये असतो तोच. मोजल्याबिगर सांगता येत नाय, पण या बुडबुड्यांत थोडाफार असंल."

"मग वाळवू का?"

"वाळली की कार्बन डायऑक्साइड सुटंल."

"मग करू तरी काय?"

"काहीच नाय. उकरून काढलेल्याला आता इलाज नाय. इथं मात्र जमतंय. आम्ही जुने चर बुजवतो, पाणी वर चढू देतो. मिथेन तेव्हाही थोडा निघतो, पण वर जिवंत शेवाळ धरलं की त्यातला बराचसा तिथंच जिरतो. अन् खालचा साठा शाबूत राहतो."

सुलेखानं फोन तोंडाजवळ घेतला. "माय, ते काम आणखी तीन वर्षं चालणार हाय. मला थांब म्हणतेत. मी नाय म्हणून कळवणार हाय. जूनमध्ये येते."

एवढंच तर ऐकायचं होतं मुक्ताबाईला. तिनं पदरानं तोंड पुसलं. "चर किती बुजले?"

"निम्मे."

"अन् बाकीचे?"

"तिकडची माती सुकायली."

मुक्ताबाईनं उभा जन्म माळावर बांध घातले होते. पहिल्या पाण्याला अर्धवट बांधाचं काय होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अर्ध्या कामावरून उठून कशी येतीस गं?" ती म्हणाली. "थांब तिथंच."

"माय, तू एकटी हायेस."

"हाय. ते मला ठावं हाय. तू नको सांगू."

ती जरा कडकच बोलली. नाहीतर तिला बोलताच आलं नसतं. सुलेखा रडू लागली. फोन मात्र कुणी ठेवला नाही. दोघी नुसत्या एकमेकींकडं बघत बसल्या.

सकाळी मुक्ताबाईनं हौद उपसला. पीट कोकोपीटमध्ये कालवून ट्रे भरले, उशिरा लावायच्या मिरचीचं बी टाकलं आणि बोअरचं सगळं पाणी रोपांना दिलं.

कचरू आला तेव्हा रिकामा हौद बघून खूश झाला. "बरं झालं! अन् ताई कधी येणार? जूनमध्येच ना?"

"नाय. तिचं काम हाय तिथं."

कचरूनं गाडीची किल्ली खिशात टाकली. तो चहाला थांबतो म्हणाला. मुक्ताबाईनं चूल पेटवली, दोन कप मांडले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, सर्जेरावचं पोतं पोचवायचं होतं, आणि तो उभ्याउभ्याच निघून गेला. गाडीची धूळ खाली बसली. उकळलेला चहा मुक्ताबाईनं एकाच कपात ओतून घेतला, आणि रोपांना सांगू लागली, आज ऊन कसं आहे ते.