पुढचा डबा

नॉयफार्न सोडून गाडी निघाली, तेव्हा समोरच्या म्हातारीने कोर्बिनियानच्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहून विचारलं, "एवढं नटूनथटून कुठे स्वारी?"

"विमानतळावर. मुलगी न्यूझीलंडला चाललीय. कायमची."

"मग या डब्यात काय करताय? विमानतळाचे डबे आत्ताच मागे सुटले की!"

कोर्बिनियान ताडकन उठून उभा राहिला.

नॉयफार्नला या गाडीचे दोन भाग होतात, पुढचे डबे फ्रायझिंगला जातात आणि मागचे विमानतळाला, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. बावीस वर्षं म्युनिकच्या टपाल कचेरीतून तो याच गाडीने फ्रायझिंगला घरी जायचा. कायम पहिला डबा, पहिलं दार. फ्रायझिंगच्या फलाटावर बरोबर त्या दारासमोर, जिन्यापाशी, त्याची लेक, छोटी वेरेना, उभी असायची. परदेशी पाहुणे बिचारे पाट्या वाचतात, दहा जणांना विचारतात आणि गुपचूप मागे जाऊन बसतात. हा घरचा शहाणा! घटस्फोटानंतर तो एकटाच म्युनिकच्या मोसाख भागात राहायला गेला, तरी आज तिथल्या फलाटावर पायांनी त्याला सवयीने पुढेच नेलं. गाडीतली सूचना ऐकणं तर त्याने कधीच सोडलं होतं. डब्यात एकाकडेही मोठी बॅग नाही, एवढं तरी दिसायला हवं होतं.

नऊ वर्षं मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती. रविवारी अचानक तिचा फोन आला. "विमानतळावर रेल्वेच्या जिन्यापाशी थांबेन. तीनला आत जाणार. यायचं तर ये." एवढंच बोलली. आता दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"फ्रायझिंगहून बस आहे," म्हातारी म्हणाली. "वीस मिनिटांत पोचवते. धावता येतं ना?"

"येतं की!" अडुसष्टाव्या वर्षी त्याने ठोकून दिलं.

आणि पुलिंग स्टेशनच्या पुढे, शेतांच्या मधोमध, गाडी थांबली. सिग्नल लाल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कोर्बिनियान दारावर हात आपटू लागला.

"दार तोडणार आहात का? बसा खाली," म्हातारी ओरडली. "फोन तरी करा तिला. सांगा, गाडी अडकलीय."

त्याने फोन काढला, पण नंबर लावला नाही. गाडी अडकली! वेरेनाचं अख्खं लहानपण त्याने या दोन शब्दांवर निभावून नेलं होतं. तिचा वाढदिवस, शाळेतलं नाटक, तिच्या आईच्या ऑपरेशनचा दिवस. प्रत्येक वेळी हा म्युनिक स्टेशनाजवळ मित्रांबरोबर बिअर ढोसत बसलेला, आणि घरी उत्तर ठरलेलं. एकदा तर त्याने मित्राला फोनवर साक्षीला उभं केलं होतं. आज गाडी खरोखर अडकली होती, आणि ते सांगायला त्याला तोंड नव्हतं. तरी त्याने नंबर लावला.

"पप्पा? कुठे आहेस?"

म्हातारीने हात पुढे केला. "द्या इकडे, मी सांगते तिला. मी आहे ना साक्षीला!"

त्याने फोन घट्ट धरला. "वेरेना, मी पुढच्या डब्यात बसलो. चूक माझी आहे. गाडीची नाही."

पलीकडून बारीक आवाजात, "पहिल्या दाराशी?"

"हो."

"मी तिथे उभी राहायचे."

"माहितेय मला."

"तीन गाड्या बघायचे मी, पप्पा. तिसरीतूनही तू उतरला नाहीस, की एकटी घरी जायचे."

"थोडीच थांब, बाळा. पाया पडतो तुझ्या. तुझ्या आवडीचे लोणी लावलेले ब्रेट्झेल-पाव आणलेत. बस मिळेल मला, मी धावेन..."

"आजही तीन बघितल्या," ती म्हणाली. रडत होती. "जाते मी."

फोन बंद झाला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.

तीनला पाच कमी असताना गाडी फ्रायझिंगला लागली. पहिलं दार बरोबर जिन्यासमोर उघडलं. जिन्यापाशी कुणीच नव्हतं.

"धावा! बस सुटेल!" म्हातारी मागून म्हणाली.

"आता कशाला," तो म्हणाला आणि कठड्याला टेकून, ती उभी राहायची तिथेच उभा राहिला. पिशवीतल्या ब्रेट्झेल-पावांचा चुरा झाला होता.

वीस मिनिटांनी पुढची गाडी आली. पहिल्या दारातून दोन शाळकरी मुली आणि एक सायकलवाला उतरला. कोर्बिनियान जागचा हलला नाही. अजून दोन गाड्या यायच्या होत्या.