दोनदा शिवलेला फर्मा

मी एक जुना पाचवा भाग आहे. मित्रांनो, कुणी आपली ओळख अशी करून द्यावी हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण मला स्वतःचे वेगळे नाव नाही. ‘धूम्रद्वीपाची गाथा’ नावाची पाच भागांची एक अद्भुत कादंबरी होती आणि तिचा शेवट सांगण्याचे काम माझ्याकडे होते. ते काम मला कधीच करता आले नाही.

माझा जन्म पुण्याच्या एका बोळातल्या पुस्तकबांधणीच्या खोलीत झाला. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. अशा फर्म्यांच्या बारा चळती जमिनीवर ओळीने मांडलेल्या असत. एक बाई त्या ओळीने चालत जाई आणि प्रत्येक चळतीतला एकेक फर्मा उचलून हातावर रचत असे. माझ्या वेळी ती अकराव्या चळतीपाशी आली आणि कुणीतरी तिला हाक मारली. तिने मान वळवून उत्तर दिले आणि पुन्हा अकराव्याच चळतीतून फर्मा उचलला. पुढे शिलाई झाली, सरस लागला, निळ्या कापडाचा कणा आणि पुठ्ठा चढला. बाहेरून मी माझ्या भावंडांइतकाच, म्हणजे याच भागाच्या इतर प्रतींइतकाच, देखणा होतो. पोटात मात्र अकरावा फर्मा दोनदा होता, आणि बारावा, ज्यात कथेचा शेवट होता, तो नव्हताच.

१९७४ च्या हिवाळ्यात मी सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या वाचनालयात आलो. स्टेशनाकडून कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती एक खोली होती. दोन कपाटे, एक टेबल, भिंतीलगत एक लांब बाक. हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून उडालेला कापूस खिडकीतून आत येई आणि आमच्या पानांत जाऊन बसे. ग्रंथपाल नाना तो फुंकरीने उडवत आणि मगच पुस्तक वाचकाच्या हाती देत.

माझ्यातली कथा थोडी सांगायला हवी. धूम्रद्वीपाला सात दारे होती आणि प्रत्येक दार मंत्राने उघडे. पण त्या जगात मंत्र फुकट मिळत नसे. जो मंत्र उच्चारी त्याची एक आठवण कायमची जाई. कुणाची आईच्या आवाजाची, कुणाची स्वतःच्या गावाची. राणी वेत्रवती सहा दारे उघडून सातव्यापाशी येते. पलीकडे मांत्रिक तमोनाभ बसलेला असतो. अकराव्या फर्म्याच्या आरंभी तिची होडी धुक्यातून किनाऱ्याला लागते. कुंभक नावाचा म्हातारा नावाडी तिच्या हाती कंदील देतो आणि विचारतो, “राणीसाहेब, आपण पूर्वी इथे आलो होतो का?” राणी उत्तर देत नाही, नुसती हसते. फर्म्याच्या शेवटच्या ओळीत ती सातव्या दारावर हात ठेवते, डोळे मिटते, आणि ‘आणि’ या शब्दावरच पान संपते. माझ्यात त्यापुढे पुन्हा अकराव्या फर्म्याचेच पहिले वाक्य आले. त्यामुळे माझ्या अंगात एक वाक्य आपोआप तयार झाले: ‘तिने सातव्या दारावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि होडी किनाऱ्याला लागली.’

हे वाक्य कुणीही लिहिलेले नव्हते. तरी माझ्यातले सर्वांत सुंदर वाक्य तेच होते.

पहिले काही वाचक मला चिडून परत करीत. “नाना, याले शेवटच नाई,” म्हणत आणि दुसरे पुस्तक नेत. मग एके दिवशी मला श्रीनिवासने नेले. तो कापूस खरेदी केंद्रावर नुकताच कारकून म्हणून आला होता. गावात त्याचे कुणी नव्हते. जिनिंगच्या मागे भाड्याची खोली, एक स्टोव्ह, दोरीवर दोन सदरे. दिवसभर गाड्यांच्या गर्दीत तो लोकांची नावे विचारी. संध्याकाळी त्याचे नाव विचारणारे कुणी नसे. खिचडी शिजेपर्यंत तो मला वाचत असे. त्या वाक्यापाशी आल्यावर त्याने पान उलटले, परत आणले, आणि स्टोव्हवरची खिचडी करपली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मला परत करताना, पूर्वी कधी न बोललेला हा मुलगा टेबलापाशी घुटमळला.

“नाना, राणीला परतीचा मंत्र कुठल्या भागात मिळाला? माझ्या नजरेतून सुटला बहुतेक.”

“कसला परतीचा मंत्र?” नाना चष्म्यावरून पाहत म्हणाले. “बांधणीत चूक आहे ती. पानांचे आकडे पाहा. एकशे शहात्तरनंतर पुन्हा एकशे एकसष्ट.”

बाकावरून आवाज आला, “काळच मागं गेला नाना, त आकडे काऊन पुढं जातीन?”

ते रूपरावजी होते. जवळच्याच एका खेड्यातले शेतकरी. बाजाराच्या दिवशी बैलगाडी सावलीत सोडून तासभर वाचनालयात बसायचे. त्यांनी धोतराचा सोगा आवरून बाकावर जागा केली. “बसा बाबू. तुमाले बी तसंच वाटलं म्हणता?”

श्रीनिवास बसला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे त्या बाकावर सुरू झाली.

बाजाराच्या दिवसाची तो वाट पाहू लागला. मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका कौशल्याबाईही त्यांच्यात येऊन मिळाल्या. तिघांच्या मध्ये मी उघडा पडलेला असे, आणि ज्या पानांना लोक चूक म्हणत त्या पानांवर त्यांची बोटे फिरत.

“मंत्राची किंमत आठवण,” कौशल्याबाई एकदा म्हणाल्या. “हे पहिल्या भागापासून ठरलेलं आहे. मग काळ मागे नेल्याची किंमत कुणी दिली? राणीला तर सगळं आठवतंय. म्हणून तर ती हसते.”

“बाकीच्याइनं देल्ली,” रूपरावजी म्हणाले. “साऱ्याइची आठवण गेली. नावाड्याची जराशी उरली, म्हणून तो इचारते.”

“पण अक्षर न् अक्षर तेच आहे हो दोन्ही वेळेला.”

“अक्षर तेच असन बाई. हासू तेच नाई. पहिल्या खेपेले ती उगाच हासते. दुसऱ्या खेपेले तिले माईत आहे.”

नाना टेबलावरून म्हणाले, “त्या बांधणीवाल्याला इथे आणून सत्कार करा एकदा.”

“करू ना. नारळ तुमच्याकडं,” रूपरावजी म्हणाले.

श्रीनिवास माझ्या पानाकडेच पाहत म्हणाला, “म्हणजे आता राणी एकटी झाली. ज्याला आठवतं तो एकटाच असतो.”

रूपरावजींनी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “बाबू, मागं गेल्यावर गेलेलं माणूस जितं भेटत असन का तिले?”

“या पानांत तरी सगळे जिवंतच आहेत,” श्रीनिवास म्हणाला.

रूपरावजींनी मान हलवली. त्यांची बायको देवकाबाई दोन वर्षांपूर्वी वारली होती, हे नानांना ठाऊक होते. श्रीनिवासला ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. निघताना रूपरावजी मला हातात घेऊन तेच वाक्य पुन्हा वाचत आणि बैल जुंपायला जात.

अशी तीन वर्षे गेली. मग एकदा श्रीनिवास कचेरीच्या कामाने वर्ध्याला गेला. तिथे स्टेशनाबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला माझे एक भावंड दिसले, बारावा फर्मा असलेले. त्याने ते घेतले. परतीच्या गाडीत त्याने ते उघडलेसुद्धा नाही. मित्रांना सोडून एकट्याने शेवट वाचणे त्याला चोरीसारखे वाटले. आयुष्यात प्रथमच तो कुणासाठी तरी काही घेऊन येत होता.

बाजाराच्या दिवशी त्याने तो शेवट बाकावर बसून मोठ्याने वाचला. सातवे दार उघडते. मागून राजपुत्र तलवार घेऊन धावत येतो. तमोनाभ एका घावात पडतो. दारापलीकडे सोन्याच्या राशी असतात, लग्न होते, नगरात पताका लागतात. आणि जाता जाता एक ओळ येते: ‘नावाडी कुंभक वार्धक्यामुळे विसराळू झाला होता.’

श्रीनिवासने हसऱ्या चेहऱ्याने वर पाहिले. खोलीत कापसाचे तंतू तरंगत होते.

“म्हंजे नावाड्याले नुसता इसर पडत होता,” रूपरावजी म्हणाले.

“लेखकाने तसं म्हटलं असलं तरी...” कौशल्याबाईंनी सुरुवात केली.

“आता छापलंय बाई,” नाना म्हणाले.

रूपरावजी उठले. “बरं झालं बाबू. एक गोष्ट मिटली. जातो, बैल तहानले असतीन.”

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. कौशल्याबाई काही दिवस येत राहिल्या, पण दोघांत वाद रंगेना; त्याही मग पुस्तक बदलून उभ्याउभ्याच निघू लागल्या. श्रीनिवास एकटाच बाकावर बसे. एकदा त्याने नानांना विचारले, “रूपरावजी माझ्यावर रागावले का?”

“रागावण्यातला माणूस नाही तो,” नाना म्हणाले. मग पेन खाली ठेवून त्यांनी देवकाबाईंचे सांगितले. “तुमचा तो परतीचा मंत्र त्याला फार हवा होता, श्रीनिवास.”

श्रीनिवास उठला, कपाटापाशी आला, माझ्या कण्यावर बोट ठेवले, पण मला बाहेर काढले नाही. त्याने वाचनालयाला दिलेले भावंड वरच्या फळीवर गेले होते आणि मी खालच्या. काही महिन्यांनी त्याची हिंगणघाटला बदली झाली. रूपरावजींच्या गावाला जाऊन काय बोलावे हे न सुचल्यामुळे तो त्यांना न भेटताच गेला.

खालच्या फळीवर ऊन पोचत नसे. माझा निळा कणा दमटपणाने विटत गेला, सरसावर झुरळे फिरली. माझ्यावरून हात जाई तो केवळ शेजारचे पुस्तक काढण्यासाठी. १९८३ साली नानांनी बाद पुस्तके दाराशी काढली. त्यांत मी होतो. योगायोगाने त्याच दिवशी रूपरावजी वाचनालयात आले, कितीतरी वर्षांनी. काठी घेऊन, वाकलेले.

“नाना, राणीचं पुस्तक आहे का?”

नानांनी वरच्या फळीवरचे काढून दिले. रूपरावजींनी शेवटची पाने चाचपली आणि परत केले. “हे त पुरं आहे. मले आपलं पायजे.”

दाराशीच्या बाद ढिगातून त्यांनी मला घरी नेले आणि देवकाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवले. दिवेलागणीच्या आधी ते मला उघडत. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ओळ नाकाशी येऊ लागली, मग नाकाशी धरूनही दिसेनाशी झाली. तरी ते मला मांडीवर घेत, पाने मोजत त्या जागी येत आणि त्या शिवणीवर अंगठा ठेवून बसत. वाचता न येणाऱ्याच्या मांडीवर पडून राहण्यासारखा एकाकीपणा पुस्तकाला दुसरा नाही. हाक ऐकू येते आणि तोंड नसते.

पुढे त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. नानांनी हिंगणघाटला पोस्टकार्ड टाकले असावे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी श्रीनिवास आला. त्याच्याही कानांशी केस पांढरे झाले होते. रूपरावजींच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि मी उशीखाली होतो.

“रूपरावजी, मी श्रीनिवास.”

“पाय वाजला तवाच समजलं बाबू. दारात थांबून मंग आत येता तुमी.”

तो स्टुलावर बसला. “मी ते पुस्तक आणायला नको होतं,” तो म्हणाला. “मला देवकाबाईंचं माहीत नव्हतं.”

“तुमी खुशीनं आणलं होतं, थे दिसत होतं मले. म्हणून काई बोललो नाई.” त्यांनी उशीखालून मला ओढून काढले. “त्या पुस्तकातला शेवट बी खराच असन. राहू द्या थे नानाइच्यापाशी. हे वाचा.”

श्रीनिवास वाचू लागला. धुके, होडी, कंदील, नावाड्याचा प्रश्न, राणीचे हसू. शिवणीपाशी आल्यावर त्याने शेवटच्या शब्दावर बोट ठेवले. “तिने सातव्या दारावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि...”

“थांबला काऊन?”

“आणि होडी किनाऱ्याला लागली,” श्रीनिवासने वाचले, आणि तीच पाने पुन्हा, अधिक सावकाश वाचू लागला. राणी हसली तेव्हा पट्टीखालचा रूपरावजींचा चेहराही हलला.

शेजारच्या खाटेवर अल्लीपूरचे भैयाजी पायाला पट्ट्या बांधून पडले होते. ते कोपरावर उठले. “मी ऐकून राह्यलो कवाचा. त्या नावाड्याले सारं माईत आहे. राणीले एकटं वाटू नये म्हणून मुद्दाम इचारते तो.”

रूपरावजींनी पट्टी बांधलेले तोंड त्या आवाजाकडे वळवले.

“बाबू,” रूपरावजी हळूच म्हणाले, “हे आपल्याले काऊन नाई सुचलं?”

आणि श्रीनिवास हसला. इतक्या वर्षांत मी त्याला मोठ्याने हसताना ऐकले नव्हते.

रूपरावजी आता नाहीत. घरी जाऊन ते दोन पावसाळे जगले. श्रीनिवास महिन्यातून एकदा येई आणि वाचून दाखवी. शेवटच्या भेटीत त्यांनी मला त्याच्या पिशवीत घातले. सध्या मी हिंगणघाटला त्याच्या टेबलावर असतो, त्याच लुगड्याच्या तुकड्यात. ते दिवस आता त्याला एकट्यालाच आठवतात, आणि मला.

मित्रांनो, फाटक्या, सदोष पुस्तकांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि तुमच्या शेजारचा कुणी एखाद्या चुकलेल्या पानावर जीव लावून बसला असेल, तर खरे काय ते सांगण्याआधी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. माझा शेवटचा शब्द ‘आणि’ आहे. त्यापुढे नुसता पुठ्ठा आहे. होडी किनाऱ्याला लावायची तर कुणाच्या तरी हाताने पाने मागे उलटावी लागतात.