गच्चीवरचं पुण्य

आमचा गोम्पा म्हणजे गावचा बौद्ध मठ; त्याची गच्ची मातीची. हजार वर्षांपूर्वी बांधली तेव्हापासून, जवाची कापणी झाली की प्रत्येक घरानं पाठीवरून एक टोपलं माती वर नेऊन टाकायची. हेच आमचं पुण्य. आई गेल्यापासून मी तिच्या नावाचं दुसरं टोपलंही टाकतो. गावात असं करणारा मी एकटाच, आणि हे मी सगळ्यांना सांगतोही.

यंदा आतल्या भिंतीवर रंगवलेल्या डोल्मा देवीच्या चेहऱ्यावरून तडा गेला. मी म्हटलं, पाणी मुरतंय, माती जास्त टाका. झोमकीत ही माझी धाकटी बहीण; ती रोज आत दिवे लावते आणि मला आचो, म्हणजे दादा, म्हणते. ती म्हणाली, "आचो, पाण्याचा डाग कुठाय? भिंत कोरडी ठणठणीत आहे. वरून काहीतरी दाबतंय."

"तू दिवे घास. गच्चीचं आम्ही बघतो."

मी वर जाऊन आईच्या नावाचं टोपलं ओतलं आणि पायाखाली काड्कन आवाज झाला. झोमकीत आत होती. शिडी कशी उतरलो, ठाऊक नाही. ती दारात उभी होती, केसांत धूळ, हातात लोण्याचा दिवा, तोही जळता.

"मधली तुळई मोडली," ती म्हणाली. "मेले नाही मी. रडू नकोस."

लामा नोरफेलनी आत टेकू लावून घेतले आणि आम्हाला वर खणायला लावलं. वीतभर थर असेल, असंच आम्ही धरून चाललो होतो. फुंचोक सुताराचं फावडं जात राहिलं, जातच राहिलं. कमरेइतकी माती निघाली. थरावर थर. बापाची, आजोबांची, पणजोबांची. आमचं सगळं गाव पिढ्यानपिढ्या देवीच्या डोक्यावर बसलं होतं.

"उतरवा," लामा म्हणाले. "बर्फ पडायच्या आत उतरवली नाही, तर देऊळ बसेल."

कोणी हलेना. दुसऱ्याचं पुण्य खाली टाकायचं पाप कोण घेणार?

झोमकीत वर आली. मी ओतलेली माती तिनं टोपल्यात भरली आणि टोपलं माझ्यापुढे सरकवलं.

"ही आईची आहे," मी म्हटलं.

"माझीपण आईच होती ती. झोमकीतच्या डोक्यावर टाक, असं तिनं सांगितलं होतं का तुला?"

मी टोपलं पाठीवर घेतलं आणि शिडी उतरू लागलो. मागून फुंचोक उतरला, त्याच्या बापाची माती घेऊन.